माडग्याळी मेंढा आणला, पण कोकरं अंग धरेनात. रक्ताचा दोष की चाऱ्याचा?

दूधगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कागल तालुक्यात आमचा मेंढरांचा वाडा आहे. आजोबांपासूनची काळी दख्खनी मेंढरं. मी डिप्लोमा करून एमआयडीसीत कामाला, त्यामुळे रोजचं सगळं वडील आणि चुलते बघतात. मी सुट्टीचा मेंढका.

गेल्या दिवाळीत आटपाडीकडून माडग्याळी, म्हणजे जतकडच्या जातीचा, मेंढा आणला. उंचापुरा, लांब पाठीचा, नाक पोपटासारखं बाकदार, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. किंमत इथं लिहीत नाही, घरात तो विषय अजून तापलेलाच आहे. आता त्याची कोकरं तीन महिन्यांची झालीत. पाय लांब, मान लांब, पण अंग नाही. आमच्या जुन्या काळ्या मेंढ्याची कोकरं याच वयात चांगली भरलेली असायची. परवा व्यापारी आला, दोन-चार कोकरांच्या पाठीवर हात फिरवला आणि भाव असा पाडून मागितला की वडील उठून आत गेले.

वडील म्हणतात, परक्या रक्ताला आपलं रान मानवत नाही. चुलते म्हणतात, विकणाऱ्यानं फसवलं, हा अस्सल माडग्याळी नाहीच. मला वाटतं, पोटाला कमी पडतंय. जाणकारांनी सांगावं: कोकराच्या वाढीत रक्ताचा वाटा किती आणि चाऱ्यापाण्याचा किती? मेंढा ठेवावा की काढावा? दसऱ्याच्या आत ठरवायचंय, एक गिऱ्हाईक मागं लागलंय.

तांबडा_पांढरा
काढणार असाल तर कुठं काढणार तेवढं कळवा, पातेलं घेऊन येतो.
(हलकं घ्या हो. पण धागा वाचतोय. ताटात येण्याआधी त्याचं काय होतं हे पहिल्यांदाच कळतंय.)

वाघरवाला
पावनं, रक्त आन चारा ऱ्हाऊ द्या बाजूला. आधी मला येवढं सांगा, कोकरं कुठल्या म्हैन्यात पडली? आन कुठल्या मेंढ्यांच्या पोटाला? पयलारू हायत्या का जुन्या?

दूधगंगाकाठ
मामा, वैशाख-ज्येष्ठात पडली. बहुतेक मे महिन्याचा शेवट आणि जून. मेंढ्या मिसळ आहेत, पण पहिलारू बऱ्याच.

वाघरवाला
मग झालंच की. आवो, आपली बकरी मिरगाच्या पुढं-मागं फळत्यात आन दिवाळी झाली की कार्तिक-मार्गशीर्षात व्यात्यात. तुमी मेंढा आणला दिवाळीत. तवा तुमच्या चांगल्या मेंढ्या एकतर गाभण, न्हाईतर नुकत्या व्यालेल्या. त्या काय तुमच्या नव्या पावन्याजवळ जात न्हाईत. त्येच्या वाटणीला कोण आलं? ज्या मिरगाला ऱ्हायल्या न्हाईत त्या भाकड, आन नव्या वयात आलेल्या पाटी. त्यांच्या पोटाला पाच म्हैन्यानं कोकरं आली, ती पडली तोंडावर पावसाच्या. आता तुमी त्यांची बरोबरी करताय हिवाळ्यात वाढलेल्या कोकरांबर. त्या काळ्या मेंढ्याच्या कोकरांनी आयेचं दूध बी पोटभर पिलं आन वर हरभऱ्याची, शाळवाची मोकळी रानं बी खाल्ली. ह्यांनी काय खाल्लं? चिखुल.

अनुवंश_पुणे
वाघरवाला मामांना साष्टांग. मी विद्यापीठात पशुअनुवंशशास्त्र शिकवतो. मामांनी आत्ता जे सांगितलं ते वर्गात समजवायला मला दोन तास लागतात.

धागाकर्त्याकडे दोन मेंढे आहेत, पण तुलना दोन मेंढ्यांची होतच नाहीये. एका बाजूला काळा मेंढा, मुरलेल्या आया आणि सुगीनंतरचा हिवाळा. दुसऱ्या बाजूला माडग्याळी, पहिलारू किंवा मागं राहिलेल्या आया आणि कोल्हापूरचा पावसाळा. तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्यात की वजनातला फरक नेमका कुणामुळे पडला हे कोणताही संगणक सांगू शकणार नाही.

म्हणून मेंढ्यांच्या वाढीवरच्या कुठल्याही गंभीर अभ्यासात आधी पाच गोष्टी वजा करतात: कोकरू नर की मादी, एकटं की जुळं, जन्माचं वर्ष, जन्माचा हंगाम आणि आईचं कितवं वेत. नर मादीपेक्षा जड, एकटं जुळ्यापेक्षा जड, पहिल्या वेताचं कोकरू पुढच्या वेतांपेक्षा हलकं. हे जवळजवळ सगळ्या जातींत, सगळ्या देशांत दिसतं. याच्यापुढे जो फरक उरतो त्यात आपण रक्त शोधायचं.

दूधगंगाकाठ
सर, पण आकड्यात सांगाल का? वडिलांना "गुंतलंय" म्हणून सांगितलं तर ते हसतील. पन्नास टक्के रक्त, पन्नास टक्के चारा, असं काही?

अनुवंश_पुणे
आकडा आहे, पण तो सगळे उलटा वाचतात. त्याला हेरिटॅबिलिटी म्हणतात. मेंढीत जन्मवजन, तीन महिन्यांचं वजन यांच्यासाठी तो बहुतेक अभ्यासांत ०.१ ते ०.३ च्या दरम्यान येतो. आता याचा अर्थ "बारा किलोच्या कोकरातले अडीच किलो बापानं दिले" असा मुळीच नाही. एकाच कळपात, एकाच हंगामात वाढलेल्या कोकरांमध्ये आपापसात जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला साधारण दहा ते तीस टक्के भाग पुढच्या पिढीत उतरू शकेल अशा जनुकीय फरकामुळे असतो, एवढंच. आकडा त्या कळपापुरता, त्या परिस्थितीपुरता असतो. कळपाची आबाळ झाली की तो घसरतोही, कारण मग कुणाला खायला मिळालं आणि कुणाला नाही यानंच वजन ठरतं.

वडिलांसाठी हिशोब करू. समजा वाड्यातल्या नर कोकरांचं तीन महिन्यांचं सरासरी वजन १२ किलो आहे. त्यातलं १६ किलोचं कोकरू तुम्ही मेंढा म्हणून राखलं, म्हणजे सरासरीपेक्षा ४ किलो वर. मेंढ्या मात्र निवडल्या नाहीत, आहेत त्याच ठेवल्या. बापाकडून निम्मंच येतं, म्हणून ४ चे झाले २. हेरिटॅबिलिटी ०.२ धरली तर २ गुणिले ०.२, म्हणजे ०.४ किलो. पुढच्या पिढीची सरासरी १२ वरून १२.४ वर जाईल. चार किलोचं कौतुक, चारशे ग्रॅमची कमाई!

कमी वाटतं ना? पण चारा एका हंगामापुरता असतो, पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागतो. हे चारशे ग्रॅम कळपात मुरतात आणि पुढच्या निवडीचे त्यावर चढतात.

माडग्याळकरीण
मी जत तालुक्यातली, सासरी-माहेरी दोन्हीकडं माडग्याळीच. धागाकर्त्या भावाला एक विचारायचं होतं. तो मेंढा घेतला तेव्हा खुराकावर होता का? आमच्याकडून बाजाराला, जत्रेला जाणारे मेंढे लहानपणापासून दोन-दोन मेंढ्यांचं दूध पितात. वर मका, गहू, पेंड, कुणी अंडी पाजतं. आटपाडीच्या बाजारात लाखांच्या बोलीच्या बातम्या येतात ना, ते हे मेंढे. त्यांचं नाक, उंची, रंग रक्तातलं असतं हे खरं. पण त्या अंगावरचं निम्मं मांस मालकाच्या खिशातून आलेलं असतं. ते कोकरात उतरत नाही.

आणि दुसरं. माडग्याळी कोकरू जन्मतःच जड आणि झपाट्यानं वाढणारं, म्हणून त्याची भूकही मोठी. काळ्या मेंढीच्या कासेला तेवढं दूध नसलं तर ते आधी उंच होतं, मग अंगानं भरतं. तुमची कोकरं लांबट दिसतात ती त्यामुळंही असतील. सहा महिन्यांची होऊ द्या, मग बोला.

वाघरवाला
ताई बराबर बोलली. हिंदकेसरीचं पोरगं आसलं म्हणून काय झालं, खुराक न्हाय मिळाला तर ते बी काडीपैलवानच व्हनार.

निवृत्त_पशुधन_अधिकारी
तीस वर्षं याच जिल्ह्यात नोकरी झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोकराच्या वाढीची सुरुवात जन्माच्या आधी होते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात गर्भाचं जवळपास दोन-तृतीयांशाहून अधिक वजन वाढतं. तुमच्या मेंढ्यांचा हा काळ पडला एप्रिल-मे मध्ये. रानात काडी नाही, उसाचा हंगाम संपलेला म्हणजे वाडंही (उसाचे शेंडे) बंद, आणि वर रोजची चाल. अशी मेंढी हलकं कोकरू देते आणि तिची कासही नीट भरत नाही. म्हणजे कोकराला दोनदा फटका. नंतर कितीही चारा घाला, काही भाग भरून येतो, सगळा येईलच असं नाही.

नुसत्या उसाच्या वाड्यावर मेंढरं जगवणाऱ्यांनाही सांगतो, त्यात प्रथिनं फार कमी. शिवाय त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. पोट भरलेलं दिसतं पण कोकरू वाढत नाही, ही तक्रार घेऊन गळीत हंगामात माणसं यायची. सोबत शेंगांचा पाला, तुरीची गुळी, शेवरी-सुबाभळीचा पाला हवाच. सुबाभूळ मात्र बेतानं. जास्त झालं तर लोकर गळते.

पहिला चीक जन्मल्यावर तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. मेंढीच्या कोकराला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर. पहिलारू मेंढी बावरते, कोकराला जवळ घेत नाही. मग ते कोकरू मरत नाही, पण मागं पडतं ते पडतंच.

आता पावसाळा. हिरवं गवत दिसतं भरपूर, पण त्यात पाणीच जास्त. ओल्यात बसून रात्र काढायची, पायाला खुरी, आणि जंत. जठरात रक्त पिणारा जंत पावसाळी दमट हवेत झपाट्यानं वाढतो. दूधगंगा-पंचगंगेच्या पाणथळ गवतात गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींची भीती वेगळी. उद्या सकाळी एक करा: कोकराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर असेल तर ठीक. पांढुरकी असेल, किंवा जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसत असेल, तर रक्त-चारा ही चर्चा थांबवून लेंड्या तपासायला दवाखान्यात न्या. औषध तपासणीनंतर आणि वजनानुसार, अंदाजे नको. अंदाजानं कमी डोस देऊन देऊनच जंतांना औषध पचायला लागतं.

दूधगंगाकाठ
डॉक्टरसाहेब, आज सकाळी पापण्या बघितल्या. बऱ्याच कोकरांच्या फिक्या आहेत, तीन-चारांच्या तर कागदासारख्या. लेंड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून चुलत्यांबरोबर पाठवल्या. वडील काही बोलले नाहीत, पण पापण्या त्यांनीही बघितल्या.

तांबडा_पांढरा
एक अडाणी प्रश्न. आईचं दूध, आईचं वेत, आईचं पोट... मग आईचा वाटा रक्तात धरायचा की चाऱ्यात?

अनुवंश_पुणे
अडाणी कसला, या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारलात.

आई दोन वाटांनी देते. निम्मी जनुकं देते, बापासारखीच. आणि वर कोकराचं पहिलं रानही तीच असते: तिचं गर्भाशय, तिचं दूध. ते दूध कमी की जास्त हे तिच्या जनुकांवरही अवलंबून असतं. म्हणजे आईचं रक्त कोकरासाठी चारा होऊन येतं. म्हणून गणितात कोकराचा स्वतःचा अनुवंश वेगळा आणि आईमार्फत येणारा वेगळा धरतात. हा दुसरा भाग वेगळा काढला नाही तर हेरिटॅबिलिटीचा आकडा फुगतो आणि मेंढ्याला नको तेवढं श्रेय मिळतं. जन्माच्या वेळी आईचा प्रभाव जोरात असतो, दूध तुटल्यावर हळूहळू ओसरतो. आपल्याकडे मेंढ्याची पारख नेमकी तीन महिन्यांच्या कोकरावरून होते, म्हणजे आईचा हात अजून कोकराच्या पाठीवर असताना.

याचा गाजलेला प्रयोग घोड्यांवरचा आहे. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी इंग्लंडमधली अवाढव्य शायर जात आणि बुटकी शेटलंड जात यांचा संकर दोन्ही बाजूंनी केला. शिंगरांचं रक्त दोन्हीकडे निम्मं-निम्मंच. पण शायर घोडीच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा जवळपास तिप्पट वजनाचं निघालं. मोठेपणीही ही तफावत पूर्ण बुजली नाही. माडग्याळी मेंढा आणि काळी मेंढी या जोडीची कोकरं तुम्ही बघताय. उलट जोडी केलीत तर कदाचित वेगळं दिसेल.

अवांतर, पण राहवत नाही. १९८३ साली अमेरिकेत ओक्लाहोमात एक डॉर्सेट मेंढा जन्मला, त्याचं नाव सॉलिड गोल्ड. मागच्या पायांवर मांसाच्या नुसत्या गाठोड्या. तो गुण एका जनुकातल्या बदलामुळे येतो आणि मजा अशी की तो बापाकडून आला तरच दिसतो. आईकडून आला तर कोकरू साधं. वाढ म्हणजे शेकडो जनुकांचा थोडा-थोडा हातभार, हा नियम. असे एकट्यानं बाजी मारणारे अपवाद.

तांबडा_पांढरा
मग तो मेंढा इकडं का नाही आणला कुणी? कोल्हापुरात त्याचं सोनं झालं असतं.

अनुवंश_पुणे
मटण चिवट निघालं.

तांबडा_पांढरा
राहू दे तिकडंच.

चंदगडची_मास्तरीण
मूळ प्रश्नाला थोडा फाटा. एका जनुकाचा विषय निघालाच आहे तर फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णा मेंढीबद्दल कुणी सांगेल का? आमच्या गावात बचत गटाच्या बायका विचारतात. जुळी होतात म्हणे, पण मग ती बारीक राहत नाहीत का?

निवृत्त_पशुधन_अधिकारी
ताई, सुंदरबनातली गारोळ नावाची अगदी लहान चणीची मेंढी जुळी-तिळी देते. तिच्यातलं फेक-बी हे जनुक निंबकर संस्थेनं आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, आकार दख्खनीचा राखून. त्याची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण बरंच वाढतं.

बारीक राहतात का? प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलकं, हे खरं. पण हिशोब कोकरामागं न करता मेंढीमागं करा. वर्षाला एका मेंढीमागं किती किलो कोकरू हाती आलं? दोन हलकी मिळून एका जडाहून पुष्कळ जास्त भरतात. अट एकच, दुसऱ्या कोकराला दूध आणि मेंढीला खुराक मिळाला पाहिजे. बचत गटाच्या बायकांकडं दोन-चार मेंढ्या दारात असतात, त्यांना हे जमतं. मैलोन्मैल चालणाऱ्या वाड्यावर तिळी झाली तर एक कोकरू बहुधा हातचं जातं. तेच जनुक, पण दार वेगळं की फळ वेगळं.

वाघरवाला
आता माझं वाईच ऐका. ह्यो मेंढा, त्यो मेंढा करत बसलाय सगळी. आपल्या वाड्यात मेंढा कसा ऱ्हातो ते बगा. व्यापारी येतो, कोकरांत हात घालतो, जे सगळ्यात टच्च ते उचलतो. पैका रोख, आपल्याला बी नड आसती. दुसऱ्या खेपंला त्येच्या खालचं. आसं करत करत मागं कोन ऱ्हातं? जे कुनीच घेतलं न्हाई ते. आन मग त्योच मोठा हून मेंढा व्हतो. जे आदी वाढतं ते आदी मरतं, जे रडतं-खडतं त्येचं वंश चालतं. माझ्या बानं बी हेच केलं, मी बी तेच करत आलो.

अनुवंश_पुणे
मामा, हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात. वर मी चारशे ग्रॅमचा हिशोब दिला ना, तोच उलटा लावा. सरासरीपेक्षा दोन किलो कमी असलेलं कोकरू मेंढा म्हणून राहिलं तर दर पिढीला दोनशे ग्रॅम खाली. पिढ्यानपिढ्या चाललं असेल तर "दख्खनी वाढतच नाही" ही तक्रार काही अंशी आपण स्वतःच तयार केलेली आहे. बाहेरून जात आणण्याआधी घरातल्या वेगवान कोकरांतली दोन व्यापाऱ्यापासून लपवून ठेवणं स्वस्त पडतं.

माडग्याळकरीण
आणि तोच मेंढा वर्षानुवर्षं ठेवायचा नाही. दोन वर्षांनी त्याच्या लेकी फळायला येतात. बाप-लेकीची कोकरं मरतुकडी होतात हे आमच्या आजीला शाळेत न जाता माहीत होतं. आम्ही भावकीत मेंढे बदलून घेतो.

शिरोळ_एक्सप्रेस
एवढं सगळं वाचून मला वाटतं, मेंढा विकून त्या पैशात चारा घ्यावा. जनुकं-बिनुकं प्रयोगशाळेतल्या गोष्टी. आमच्याकडं पूर्वी बाहेरच्या जातींचे किती संकर आले, कुठं गेले सगळे?

निवृत्त_पशुधन_अधिकारी
तुमच्या रागात तथ्य आहे. विदेशी जातीचं जनावर फार्मवर, बांधून, खुराकावर जे वजन दाखवतं ते वाड्यावर दाखवत नाही. चाल, ऊन, जंत, खुरी हे सगळं सोसायचं बळही रक्तातूनच येतं. दख्खनीकडं ते आहे आणि वजनकाट्यावर ते दिसत नाही. पण माडग्याळ काही परदेश नाही. जतच्या कोरड्या रानातली असली तरी आपल्याच बाजूची जात. पूर्वेकडच्या कागल-शिरोळच्या हवेत तिला संधी द्यायला हरकत नाही. गगनबावड्याच्या पावसात मी स्वतः ती देणार नाही.

चारा घ्याच. पण मेंढा विकून तो का घ्यायचा, हे मला कळलं नाही.

दूधगंगाकाठ
लेंड्यांचा अहवाल आला. जंत भरपूर. कोकरांना वजन करून औषध दिलं. खुराकही सुरू केलाय: मक्याचा भरडा आणि शेंगपेंड. बांबूचा एक कप्पा केलाय, फटीतून कोकरं आत जातात, मेंढ्या नाही. पहिल्या दिवशी एक मेंढी डोकं अडकवून बसली होती, ते सोडा.

गिऱ्हाइकाला सध्या थांबा म्हणून सांगितलं. चुलते फुरंगटलेत. पण आता मला दोन मेंढ्यांची खरी परीक्षा घ्यायचीच आहे. कशी घेऊ?

निवृत्त_पशुधन_अधिकारी
आधी आंत्रविषाराची लस झाली का बघा. एकदम पेंड-मका सुरू केल्यावर सगळ्यात गुबगुबीत कोकरूच रातोरात जातं. भरडा हळूहळू वाढवा.

अनुवंश_पुणे
पुढच्या मृगाला मेंढ्यांचे दोन गट करा. प्रत्येक गटात पहिलारू, दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, म्हाताऱ्या सारख्या वाटणीनं घाला. चांगल्या एकीकडे आणि उरलेल्या दुसरीकडे असं नको. रात्री दोन वेगळ्या वाघरी (जाळीची कुंपणं), एकीत काळा मेंढा, दुसरीत माडग्याळी. दिवसा एकत्र चरताना दोघांच्याही पोटाला फडकं बांधा, म्हणजे तेव्हा मेंढी फळणार नाही. मेंढीचा माज साधारण सतराव्या दिवशी परत येतो, म्हणून पाच-सहा आठवडे एवढं पाळलं की पुरे. कोकरं एकाच हंगामात पडतील, एकाच रानात वाढतील.

मग जन्मवजन चोवीस तासांच्या आत, आणि दुसरं वजन तीन महिन्यांच्या आसपास. सगळी एका दिवशी जन्मत नाहीत, म्हणून वय सारखं करून घ्यायचं. उदाहरण देतो. एक कोकरू जन्मतः २.८ किलो, ८० व्या दिवशी १०.८ किलो. वाढ ८ किलो, म्हणजे रोज १०० ग्रॅम. ९० दिवसांचे ९ किलो, अधिक २.८, झाले ११.८. दुसरं जन्मतः २.९, १०० व्या दिवशी १२.४. वाढ ९.५, म्हणजे रोज ९५ ग्रॅम. ९० दिवसांचे ८.५५ अधिक २.९, झाले ११.४५. कळपात उभी केली तर दुसरं मोठं दिसतं आणि व्यापारी तेच उचलतो. वेगानं वाढणारं मात्र पहिलं आहे.

नराची तुलना नराशी, जुळ्याची जुळ्याशी करा. आणि दोन-तीन कोकरांवरून निकाल लावू नका, प्रत्येक मेंढ्याची निदान पंधरा-वीस तरी हवीत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल हेच करायचा. आपले मेंढे एका हंगामापुरते शेतकऱ्यांना भाड्यानं द्यायचा आणि ज्याची कोकरं सरस निघतील तो स्वतःच्या कळपासाठी परत घ्यायचा. तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता.

वाघरवाला
भाड्यानं? आयला, आमी फुकट देतो भावकीत.

दूधगंगाकाठ
सर, वडिलांनी हे ऐकलं आणि म्हणाले, फडकं बांधायचं मला शिकवू नको. म्हणजे तयार आहेत! शेवटचा प्रश्न: कोकरू कुठल्या मेंढ्याचं हे सहा महिन्यांनी ओळखायचं कसं? रंगानं कळेल असं चुलते म्हणतात, मला खात्री नाही. टॅग मारावे का?

माडग्याळकरीण
रंगावर जाऊ नका. संकराचं कोकरू कधी कधी काळंही पडतं. टॅगच मारा आणि वहीत आईचा नंबरही लिहा. वही वाड्यावर नको, घरी ठेवा.

वाघरवाला
टॅग कानाच्या मदल्या भागात मारा, शीर चुकवून. कोकरं दिवाळीनंतर पडनार, तवाच मारा, थंडीत जखम लगेच सुकती. पावसात मारली की किडं पडत्यात. तवर माडग्याळीच्या वाघरीतल्या मेंढ्यांस्नी गेरू लावा, काळ्याच्या वाघरीतल्यांस्नी न्हाई. आन पट्टणकोडोलीच्या जत्रंला येनार आसला तर वडलास्नी घिऊन या, भंडारा खेळून झाला की निवांत बसून बोलू. मेंढा बी बगायचा हाय मला त्यो, फोटू तरी आणा.

तांबडा_पांढरा
फोटो इथंही टाका. पातेलं परत ठेवलंय.